तट राहू द्या, वाट सांगा

चांदवड, जि. नाशिक

प्राचीन लढायांच्या पटावरचा तटबंदीचा नियम यांस,



आपली ओळख जुनी, पत्र मात्र पहिलंच. गेल्या रविवारी दुपारी तुमच्यापायी आमच्या ओसरीवरची लढाई पाऊण तास अडून बसली. चहा दोनदा गार झाला आणि मनमाडहून खास खेळायला आलेला माझा मित्र चारच्या ऐवजी सहाच्या एसटीने परत गेला. जाताना त्याने नेहमीसारखं “येतो” म्हटलं नाही, नुसती मान हलवली. म्हणून हे लिहायला बसलो.

तर झालं असं. पटावर टेकडी होती. टेकडीवर थर्माकोलचा, करडा रंग दिलेला तट होता. तटावर माझे धनुर्धर ऐटीत मांडलेले. त्यांच्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग तटाच्या रेषेवर, अर्धा आत. मित्र भालाईत घेऊन चढ चढत आला, पुठ्ठ्याला पुठ्ठा टेकवला आणि म्हणाला, “ही तुकडी आत आहे की बाहेर?”

मी म्हटलं, “आत.”

“आत असेल तर मागच्या डावात तिने बाण कसे मारले? भिंतीपलीकडचं दिसतं का तिला?”

“बरं, तटावर आहे म्हण.”

“तटावर असेल तर अर्धी उघडी आहे. मग बचावाचे गुण अर्धेच.”

माझ्या भाच्याने आमच्या नियमांची वही उघडली. वहीत तुमच्याविषयी दोन ओळी होत्या. तटाचा बचाव करणाऱ्या तुकडीने आपल्या फाशात दोन मिळवावेत, आणि उंचावरच्या तुकडीने एक मिळवावा. बचाव करणारी तुकडी कोणती, हे तुम्ही सांगितलेलं नव्हतं. दोन आणि एक मिळून तीन होतात की दोनच धरायचे, तेही नाही. पुढचा पाऊण तास आम्ही तिघांनी तुमचा अर्थ लावण्यात घालवला, आणि प्रत्येकाला तो आपल्या सोयीचाच लागला.

हे पत्र अनावृत आहे. तुमचं नाव कधी न ऐकलेले लोकही ते वाचतील, तेव्हा त्यांना तुमची ओळख करून देतो. शिशाचे किंवा प्लास्टिकचे पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टी आणि फासे घ्यायचे आणि जुन्या काळच्या लढाया नव्याने लढायच्या, असा हा खेळ. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांना सुटसुटीत नियम दिले. १९६९ मध्ये इंग्लंडात ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ निघाला आणि प्राचीन लढायांचे खेळ रीतसर मार्गी लागले. त्यातले फिल बार्कर यांच्या हातून १९९० मध्ये ‘दे बेल्लिस अँटिक्विटाटिस’ ही छोटेखानी नियमावली आली. दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या. डावाच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा, पडतील तितक्या चाली करायच्या. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकून आपापले गुण मिळवायचे. कमी पडला तो मागे सरला, समोरच्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली गेला तो बहुधा मेला. इ.स.पू. ३००० पासून इ.स. १५०० पर्यंतची सैन्यं त्यात बसतात, म्हणजे मौर्यही आले आणि देवगिरीचे यादवही.

आमची वही मात्र घरची. इकडची दोन कलमं, तिकडची तीन, असं वर्षानुवर्षं उतरवत गेलेली. तेव्हा माझी तक्रार कुठल्या छापील पुस्तकाविरुद्ध नाही. ती वहीतल्या तुमच्या त्या दोन ओळींविरुद्ध आहे.

तसे तुम्ही मराठी घराला परके नाही. दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे अंगणाअंगणात तटबंदी उभी राहते. दगड-विटा रचायच्या, वर जुनं पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव-मोहरी पेरून हिरवळ आणायची, मातीचे मावळे उभे करायचे. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच आणि वाघ बुरुजाएवढा असला तरी कोणाची हरकत नसते, कारण त्या किल्ल्यावर लढाई व्हायची नसते. फार तर शेवटच्या दिवशी लवंगी लावून एखादा बुरूज उडवतात. मोजमापाचा प्रश्न येतो तो कोणीतरी हरणार असतं तेव्हा. पण त्या पोरांचं एक काम ध्यानात ठेवा. चिखल ओला असतानाच ती पायथ्यापासून दरवाजापर्यंत बोटाने वळणावळणाची वाट काढतात आणि तिच्यावर रांगोळी भुरभुरतात. त्या वाटेकडे मला पुन्हा यायचं आहे.

बुद्धिबळातही तुमचा एक भाऊबंद आहे: किल्लेकोट. तो नियम वाचून बघा. राजा आणि हत्ती आधी हललेले नसावेत. दोघांच्या मधली घरं मोकळी असावीत. राजाला शह नसावा, तो ज्या घरावरून जाणार आणि ज्या घरात बसणार तिथेही मारा नसावा. यात भिंतीविषयी एक अक्षर नाही. सगळा नियम वाटेचा आहे: कोण कुठून जाईल, मध्ये कोण उभा आहे, कोणाची नजर आहे. आणि किल्लेकोटाची किंमतही त्यातच दडलेली. कोपऱ्यात बसलेल्या राजापुढची तीन प्यादी जागची हलवली नाहीत, तर शेवटच्या रांगेत शत्रूचा हत्ती येतो आणि राजा आपल्याच भिंतीमागे मात होतो. इतक्या शतकांत या नियमावरून दोन शहाण्या माणसांची एसटी चुकल्याचं ऐकिवात नाही.

आता माझं गाऱ्हाणं सांगतो. तुम्ही पटावर तट मांडता, वाट मांडत नाही. तटाचे गुण देता, पण तटात शिरायचं कुठून, निघायचं कुठून आणि त्या जागी उभं कोण, याबद्दल गप्प बसता. गड म्हणजे भिंत, ही तुमची समजूत सपाट मुलखात चालून जात असेल. चांदवडात ती चालत नाही.

एकदा गच्चीवर या, दाखवतो. समोर चांदवडचा किल्ला आहे. या सातमाळेच्या रांगेत अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, आणि पुढे मनमाडकडे अंकाई-टंकाई अशी गडांची माळच लागली आहे. यातल्या बहुतेक गडांना तुमच्या थर्माकोलसारखा सलग तट नाहीच. ज्वालामुखीचे थर एकावर एक साचले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराचा उतार झाला. तासून काढल्यासारखा उभा कातळ डोंगराच्या गळ्याभोवती आपोआप बसला. माणसाने मग थोडकंच केलं. जिथे कडा फुटून घळ झाली होती तिथे चिऱ्यांची भिंत घातली. पाण्यासाठी टाकी खोदली. आणि एका जागी कातळ फोडून पायऱ्या काढल्या, त्यांच्या तोंडाशी दरवाजा बसवला. इंद्राईच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांपाशी फारसी शिलालेख आहे. शहाजहानच्या सरदाराने १६३६ च्या सुमारास या भागातले गड घेतले, त्याची ती नोंद. विजयाची नोंद कोरायला त्याला वाटच सापडली, कारण गडावर जाणारा प्रत्येकजण तिथूनच जाणार.

गावाचंही तसंच. दृढप्रहार नावाच्या यादवांच्या मूळपुरुषाची राजधानी चंद्रादित्यपूर. ते आमचं चांदवडच, असं अभ्यासक मानतात. नवव्या शतकात त्याने इथे बस्तान बसवलं ते काही हवा चांगली म्हणून नव्हे. खानदेशातून गोदावरीकडे उतरणारी वाट इथे डोंगर ओलांडते. पुढे होळकरांनी इथे रंगमहाल बांधला, टांकसाळ चालवली, तेही याच वाटेवर. आज मुंबई-आग्रा रस्त्यावरून कांद्याचे ट्रक राहूड घाट चढतात तेव्हा ड्रायव्हरला ठाऊक नसतं, पण तो त्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर देत असतो: डोंगर आहे, तर पलीकडे कुठून जायचं?

जुन्या जाणत्यांनी गडाचे नियम लिहिले तेही असेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचं एक प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं हे लिखाण, पण आजच्या कुठल्याही नियमावलीने मान खाली घालावी इतकं नेमकं. त्याचा मतलब असा: गडाला एकच दरवाजा असणं हा दोष आहे, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, मात्र रोज लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. दरवाजा खालून समोर दिसता कामा नये, पुढे बुरूज घेऊन वाट त्यांच्या माऱ्यातून वळवून आणावी. गडावर यायच्या वाटा सोप्या असतील तर त्या मोडून, झाडी वाढवून अवघड कराव्यात. जवळच गडाला वरचढ असा डोंगर असेल तर तो सुरुंगाने फोडावा, नाहीतर तटात घ्यावा. आणि सगळ्यांच्या आधी पाणी. अमात्य तटाच्या जाडीत फार रमत नाहीत. त्यांचं लक्ष येणाऱ्याच्या पावलांवर आहे.

त्यांच्या कित्येक शतकं आधी कौटिल्यानेही हेच केलं. तीन खंदकांची रुंदी चौदा, बारा आणि दहा दंड, अशी मापं त्याने दिली आहेत, तुम्हाला आवडतील. पण गड घ्यायचे उपाय सांगायची वेळ आली तेव्हा त्याने पाच सांगितले: उपजाप, अपसर्प, वामन, पर्युपासन आणि अवमर्द. आतल्यांना फोडणं, हेर घालणं, फूस लावून बाहेर काढणं, वेढा घालून बसणं, आणि सरतेशेवटी सुलतानढवा. पाचांपैकी चार उपायांत भिंतीला हातही लागत नाही. तुम्ही आमच्या वहीत फक्त पाचवा लिहिला आहे.

तुम्ही म्हणाल, आमची हद्द १५०० सालापर्यंतची, अमात्य त्यापुढचे. मान्य. मग तुमच्याच हद्दीतला दाखला घ्या. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. रामदेवरायाचं मोठं सैन्य मुलाबरोबर दूर गेलेलं, राजा गडात शिरला आणि दारं लावली. गड अभेद्य होता. घाईघाईत गोणी आत ओढल्या गेल्या होत्या. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या. त्या उघडल्या तर धान्य नव्हतं, मीठ होतं. इतिहासकार फिरिश्ताने ही हकिकत लिहून ठेवली आहे. तुमच्या हिशेबाने रामदेवरायाच्या फाशात दोन मिळवायचे, उंचीचा आणखी एक. म्हणजे तीन गुण आणि मिठाच्या गोणी. जी वाट शत्रूला बंद केली तीच धान्यालाही बंद झाली, हे त्या दोन ओळींत कुठे बसवायचं?

हद्दीबाहेरचे दाखलेही सांगतो, कारण तोफा आल्या तरी आमचे डोंगर जागचे हलले नव्हते. नाशिकजवळचा रामसेज पाहिलात तर हसाल. सातमाळेच्या गडांपुढे तो टेकाडच. १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान त्याला वेढा घालून बसला. लाकडी दमदमा उभारून वरून मारा करून झाला. आतल्यांकडे धड तोफा नव्हत्या, तर त्यांनी लाकडा-कातड्याच्या केल्या अशी गोष्ट सांगतात. सरदार बदलले, वर्षं गेली, गड पाच वर्षांवर टिकला. शेवटी पडला तो किल्लेदार फितल्यामुळे. दार आतून उघडलं. कौटिल्याचा पहिला उपाय सगळ्यात शेवटी लागू पडला.

आणि आमच्या समोरचे गड? १८०४ च्या ऑक्टोबरात कर्नल वॉलेसने चांदवड होळकरांकडून घेतला, तहाने गड त्यांना परत मिळाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला तो कायमचा. त्याच साली एप्रिलमध्ये राजधेरने झुंज दिली. आतल्या घरांना आग लागली आणि शिबंदी बाहेर पडली. पण मला सांगायचं आहे ते नंतरचं. गड ताब्यात आल्यावर पुन्हा कोणी बंड करून वर बसू नये म्हणून इंग्रजांनी काय पाडलं? कडा पाडणं शक्य नव्हतं. तटाचे चिरे उपसत बसायला वेळ नव्हता. त्यांनी ठिकठिकाणी कातळातल्या पायऱ्यांना आणि दरवाजांना सुरुंग लावले. वाट उडवली आणि गड संपला. आज सातमाळेत भटकणारी पोरं तुटक्या पायऱ्यांवर दोर लावून चढतात तेव्हा त्या सुरुंगांचं काम त्यांच्या हाताला लागतं. गडाचा जीव कशात असतो, हे शत्रूला अचूक कळलं होतं. तुम्हाला अजून कळायचं आहे.

आता तुमची बाजूही घेतो, नाहीतर मित्र म्हणेल पत्र एकतर्फी आहे. त्याचं पहिलं म्हणणं असं: “फक्त वाटेनेच चढता येतं असं लिहिलंस, तर तानाजी कसा चढवशील?” बरोबर आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कोंढाण्यावर चढले ते दरवाजातून नव्हे, कड्यावरून. “कड्यावरून जाता येत नाही” असा नियम असता तर मराठ्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रात्र खेळाबाहेर गेली असती. पण ती रात्र आपण आजही सांगतो ती रोज घडत नव्हती म्हणूनच. तेव्हा अपवाद ठेवायचा, पण महाग ठेवायचा.

त्याचं दुसरं म्हणणं जरा खोल आहे. “इतकी कलमं कशाला? एक पंच नेमा, तो सांगेल ते खरं.” यालाही आधार आहे. प्रशियात लेफ्टनंट राइसविट्झने १८२४ मध्ये लष्करासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला. त्यात फासे होते, कोष्टकं होती, पंच होता. पुढे अधिकारी कोष्टकांना कंटाळले. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या सेनापतीने कोष्टकं आणि फासे बाजूला सारले आणि सगळा भार अनुभवी पंचाच्या विवेकावर टाकला. जनरल माणूस पंच असेल तर ठीक आहे. आमच्या ओसरीवर पंच म्हणजे वहिनी. त्या रविवारी आम्ही त्यांना बोलावलं. त्यांनी पट पाहिला, थर्माकोलचा गड पाहिला आणि विचारलं, “याला दार कुठाय?” आम्हाला हसू आलं. त्या पदर खोचून आत गेल्या. रात्री पट आवरताना लक्षात आलं की पाऊण तासात नेमका प्रश्न विचारणारं माणूस ते एकच होतं.

त्या प्रश्नावर मी आठवडा घालवला. वहीतल्या तुमच्या दोन ओळी खोडून त्या जागी काय लिहावं याचा मसुदा सोबत देतो. आपण तो मान्य करावा.

पहिलं. गड मांडणाऱ्याने खेळाआधी खडूने वाटा आखाव्यात. कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीन. प्रत्येक वाटेला एक दार. आखली नाही ती वाट नाही, मग डोंगर कितीही सोपा दिसो. वाट एका तुकडीच्या रुंदीची. एका वेळी एकच तुकडी वर येईल किंवा खाली जाईल. हत्ती वाटेवर चढत नाहीत आणि घोडेस्वारांनी घोडे खाली सोडावेत.

दुसरं. गडाशी तुकडीच्या जागा तीनच: आत, दारात, बाहेर. तुकडी ठेवतानाच मोठ्याने सांगावं. रेषेवर अर्धा पुठ्ठा हा प्रकार बंद. बचाव करणारी तुकडी म्हणजे दारातली तुकडी, दुसरी कोणी नाही. आतली तुकडी नुसती आत आहे: तिला कोणी मारत नाही, तीही कोणाला मारत नाही. दारातली बाण मारू शकते आणि तिच्यावरही बाण येऊ शकतात.

तिसरं. तट आणि उंची यांचे गुण एकत्र मिळवायचे नाहीत. दोन्हींतला मोठा तेवढाच घ्यावा. आमच्या डोंगरात उंची हाच तट आहे, एकच कातळ दोनदा मोजायचा नाही. मैदानात कोट असेल, काट्याकुट्यांचं किंवा गाड्यांचं तात्पुरतं कुंपण असेल, तर तिथे उंचीचा प्रश्नच येत नाही. कुंपणाचा गुण तटाहून एकाने कमी धरावा आणि ते एकदा ओलांडलं गेलं की पटावरून उचलावं.

चौथं. दारातली तुकडी हरली तर ती आत सरते आणि दार जिंकणाऱ्याचं होतं. आत जागा नसेल तर ती मेली. दार ज्याच्याकडे, गुण त्याच्याकडे. गड कोणी बांधला होता हे विचारायचं नाही. वेढलेल्यालाही बाहेर यायला तीच वाट, तीच रुंदी.

पाचवं. कडा कोणालाच चढता येत नाही. मात्र संपूर्ण खेळात एकदा, पायदळाच्या एका हलक्या तुकडीला प्रयत्न करता येईल. फाशावर सहा पडले तर ती आत. एरवी ती खेळातून गेली, आणि तिच्यासाठी रडायचं नाही.

सहावं, आणि हे मला सगळ्यात प्रिय आहे. खेळाआधी गडवाल्याने एक फासा वाटीखाली टाकावा आणि कोणीही, त्याने स्वतःसुद्धा, तो पाहू नये. सगळ्या वाटा सलग चार डाव शत्रूने रोखून धरल्या तर वाटी उचलावी. एक पडलेला असेल तर गोणींत मीठ आहे: गडवाल्याने दोन डावांत दार उघडून बाहेर पडावं, नाहीतर गड द्यावा. रामदेवरायालाही वाटी उचलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

फितुरीचं कलम मी मुद्दाम घातलेलं नाही. मागे एकदा घातलं होतं. भाचा माझ्या बाजूने किल्लेदार होता. मित्राने त्याला भेळभत्त्याचा पुडा दाखवला आणि तिसऱ्या डावात दार उघडलं. कौटिल्य काहीही म्हणो, नात्यातल्या माणसांत पहिला उपाय वापरू नये.

एवढी सहा कलमं मित्राला फोनवर वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग परवाच्या डावात काय झालं असतं?”

मी पट पुन्हा मांडला. गेल्या रविवारच्या जागा भाच्याने फोनमध्ये टिपून ठेवलेल्या होत्या. माझे धनुर्धर तटाच्या सगळ्यात उंच, सगळ्यात देखण्या भागावर होते. तिथे वाट नव्हतीच. म्हणजे मित्राचे भालाईत तिथे चढूच शकले नसते. पाऊण तासाचा वाद दोन क्षणांत मिटला, आणि माझ्या बाजूने. मी फोनवर तसं म्हणणार, तेवढ्यात नजर गडाच्या मागच्या अंगाला गेली. तिकडचा उतार सोपा होता. मी स्वतः गड बांधला असता तर वाट तिकडूनच काढली असती. तिथे मी एकही तुकडी ठेवली नव्हती. तट भक्कम दिसत होता, म्हणून सगळे तटावर. आणि त्याच अंगाला, दोन बोटांवर, मित्राचं हलकं पायदळ त्या दिवशी डावभर रिकामं उभं होतं.

“हरलो असतो,” मी म्हटलं.

“रविवारी येतो,” तो म्हणाला.

तेव्हा तुमच्या धूसरपणाने माझं नुकसान केलं, असं मी या पत्राच्या सुरुवातीला म्हणणार होतो, ते मागे घेतो. तुम्ही मला वाचवत होतात. पण असं वाचणं नको. हरायचंच तर वहिनींना दाखवता येईल अशा दारातून हरावं.

मसुदा मान्य असल्यास तसं कळवावं, नसल्यास दुरुस्त्या सुचवाव्यात. वहीत कोरं पान ठेवलं आहे, खडूही आणून ठेवला आहे. उत्तराची वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
चांदवडचा एक गडवाला